शेव्हेलियर जॅक्सन

शेव्हेलियर जॅक्सन (४ नोव्हेंबर १८६५ – १६ ऑगस्ट १९५८) हे अमेरिकन घसा व स्वरयंत्रतज्ज्ञ होते. तोंडावाटे नळी घालून अन्ननलिका व श्वासनलिका आतून तपासण्याचे तंत्र त्यांनी सुरक्षित व शिकवण्याजोगे केले. गिळता न येणाऱ्या मुलांवरील उपचार हा त्यांच्या कार्याचा महत्त्वाचा भाग होय.

जीवन

जॅक्सन यांचा जन्म पिट्सबर्ग येथे झाला. फिलाडेल्फियातील जेफरसन मेडिकल कॉलेजातून १८८६ मध्ये पदवी घेऊन त्यांनी पिट्सबर्गमध्ये व्यवसाय सुरू केला. १८९० च्या सुमारास त्यांनी अन्ननलिका पाहण्याची नळी तयार केली. मात्र सराव नसलेल्या इतर डॉक्टरांनी ती वापरल्यामुळे रुग्णांना इजा झाल्या. यामुळेच पुढे त्यांनी उपकरणाइतकाच प्रशिक्षणावर भर दिला असावा. सुधारित नळीच्या आतल्या टोकाशी लहान विजेचा दिवा असे. १९१६ मध्ये ते फिलाडेल्फियाला गेले.

दाहक क्षार व मुले

त्या काळी अमेरिकेत साबण बनवण्यासाठी व मोऱ्या साफ करण्यासाठी घरोघरी तीव्र दाहक क्षार असे. साखरेसारखा दिसणारा हा पदार्थ मुले तोंडात घालत. जी वाचत, त्यांच्या अन्ननलिकेत व्रण भरताना ती आकसून पुढे पाणीही उतरेनासे होई. अशा सात वर्षांच्या एका मुलीच्या नळीत अडकलेला अन्नाचा बोळा जॅक्सन यांनी काढला. पाणी खाली उतरताच तिने त्यांच्या हाताचे चुंबन घेतले, अशी आठवण त्यांनी आत्मचरित्रात (१९३८) नोंदवली आहे.

आकसलेला भाग प्रत्यक्ष पाहून त्यातून क्रमाने जाड होत जाणाऱ्या सळया सरकवून तो रुंद करणे, हा त्यांचा उपाय होता. तो वारंवार करावा लागे. दरम्यान काही मुलांना पोटाला छिद्र पाडून थेट जठरात अन्न द्यावे लागे. उपचाराची ही दीर्घ यातना टाळण्याजोगी आहे, हे ओळखून त्यांनी क्षाराच्या डब्यांवर विषाची सूचना सक्तीची व्हावी म्हणून अनेक वर्षे पाठपुरावा केला. १९२७ मध्ये तसा संघीय कायदा झाला. त्यात सूचनेबरोबर प्रथमोपचार छापणेही बंधनकारक होते. एका शल्यचिकित्सकाच्या कार्यात या कायद्याचे मोल त्याच्या शस्त्रक्रियांहून कमी मानता येणार नाही.

संग्रह

रुग्णांच्या अन्ननलिका व श्वासनलिकांतून निघालेल्या टाचण्या, नाणी, बटणे, हाडे इत्यादी दोन हजारांहून अधिक वस्तू त्यांनी नोंदींसह जपल्या. हा संग्रह फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात आहे.