देव न मानणारे सत्पुरुष : गोपाळ गणेश आगरकर

भगिनींनो, हळदीकुंकू असो की भजन, आपल्या मंडळात बोलण्याच्या ओघात एक प्रश्न हटकून निघतो. हल्लीची शिकलेली मुले देवापुढे हात जोडीत नाहीत. मग वाईट वागताना त्यांना धाक कोणाचा वाटणार? माझाच नातू हिरण्यकेशीला येतो, पण गाभाऱ्यात येत नाही. तेव्हा ही काळजी मलाही आहे. तिच्यावर उत्तर शोधताना मला गोपाळ गणेश आगरकर यांच्या चरित्राचा फार उपयोग झाला. आपल्या शिरोड्यास शिक्षक असलेल्या वि. स. खांडेकरांनीही त्यांच्यावर पुस्तक लिहिले आहे.

आगरकरांचा जन्म १८५६ साली कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी झाला. घरी अठराविश्वे दारिद्र्य. शिक्षणासाठी ते कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला असे फिरले आणि शेवटी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. तेथे एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालीत, असे सांगतात. एम. ए. झालेल्या मनुष्याला त्या काळी मोठ्या पगाराची सरकारी नोकरी सहज मिळे. परंतु त्यांनी आईला पत्राने कळविले की, पोटापुरते मिळवून बाकीचे आयुष्य लोकांच्या कामी घालविणार. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ते टिळकांचे सहकारी झाले, १८८१ पासून 'केसरी'चे संपादक झाले, आणि १८९२ पासून अखेरपर्यंत फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते.

मिल्ल व स्पेन्सर यांचे ग्रंथ वाचून त्यांची ईश्वरावरील श्रद्धा मावळली, आणि हे त्यांनी लपविले नाही. १८८८ साली त्यांनी 'सुधारक' पत्र काढले. बालविवाह, विधवांचे केशवपन, मुलींचे अज्ञान यांवर त्यांनी त्यात कोरडे ओढले. आपण आज चार जणी एकत्र बसून लिहितो-वाचतो, त्यामागे अशांचे कष्ट आहेत. धर्म बुडाला म्हणून चिडलेल्या मंडळींनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही.

आता विचार करा. या मनुष्याला स्वर्गाची आशा नव्हती, नरकाचे भय नव्हते. मग परक्यांच्या लेकीबाळींसाठी त्याने एवढे का सोसावे? मला दिसते ते असे : दुसऱ्याचे दुःख डोळ्यांना दिसले आणि ते अन्यायाचे आहे हे बुद्धीला पटले, एवढे कारण त्यांना पुरे झाले. आपण देवाला दयाळू म्हणतो. पण दया चांगली हे आपल्याला आधी ठाऊक असते म्हणूनच ना?

कोणी म्हणेल, त्यांचे संस्कार तर श्रद्धाळू घरातलेच होते. ते खरे आहे, आणि श्रद्धा निरुपयोगी आहे असे मला म्हणायचेही नाही. त्यांच्या पत्नी यशोदाबाई जुन्या वळणाच्या होत्या. त्यांच्या देवधर्माच्या आड आगरकर आले नाहीत. न्यायमूर्ती रानडे तर परम ईश्वरभक्त. तरीही मुलींचे संमतिवय दहावरून बारावर नेणाऱ्या १८९१ च्या कायद्याला या भक्ताने आणि या नास्तिकाने सारखाच पाठिंबा दिला. उलट, प्रेतयात्रा काढणारेही देव मानणारेच होते. तेव्हा देव मानल्याने माणूस चांगला होतोच असे नाही, आणि न मानल्याने वाईट होतो असेही नाही.

दम्याने आगरकरांना आयुष्यभर छळले. आपल्या आंबोलीच्या पावसाळ्यात दमेकऱ्याचे किती हाल होतात हे आपण पाहतोच. १७ जून १८९५ रोजी, वयाची चाळिशीही गाठण्यापूर्वी, ते वारले. आपल्या अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी थोडे पैसे पुडीत बांधून ठेवले होते, असे चरित्रकार सांगतात. मरणानंतर काही आहे असे न मानणाऱ्यानेही मागे राहणाऱ्यांची एवढी काळजी वाहिली.

म्हणून, भगिनींनो, मूल हात जोडते की नाही एवढ्यावरून त्याची पारख करू नये. ते खोटे बोलते का, घरातल्या बाईमाणसाला कसे वागविते, शेजारी आजारी पडला तर धावून जाते का, हे पाहावे. आपली स्वतःची पारखही याच मापाने करावी.