मुलांचे डॉन बॉस्को

३१ जानेवारीला ख्रिस्तसभा संत जॉन बॉस्को यांचा सण साजरा करते. ‘डॉन’ म्हटले की मुंबईकडच्या आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर भलतीच माणसे येतात. इटलीत मात्र धर्मगुरूंच्या नावापुढे तो आदराने लावतात.

त्यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी उत्तर इटलीतील बेक्की या खेड्यात झाला. दोन वर्षांचे होण्याआधीच वडील वारले. आई मार्गारेट यांनी शेतात राबून मुलांना वाढवले. १८४१ साली गुरुदीक्षा झाली आणि ते तुरीन शहरात आले. तेथे फादर कफासो यांनी त्यांना तुरुंगात नेले. कोवळ्या वयाची मुले तेथे खितपत पडली होती. सुटलेली मुले पुन्हा तुरुंगात येतात, कारण बाहेर त्यांचे कोणीच नसते, हे या तरुण धर्मगुरूंनी हेरले.

त्याच वर्षी ८ डिसेंबरला, पवित्र मरियेच्या सणादिवशी, बार्थोलोम्यू गारेली नावाचा अनाथ मुलगा सॅक्रिस्टीत आला. मिस्साला सेवा करता येत नाही म्हणून सॅक्रिस्टनने त्याला मारून हाकलले. डॉन बॉस्कोंनी त्याला परत बोलावले, त्याची विचारपूस केली आणि त्याच्याबरोबर नमो मरिया म्हटली. पुढच्या खेपेस तो मित्रांना घेऊन आला. मुले वाढली तशी जागा पुरेना. अखेर १८४६ साली वाल्दोक्को येथे एक शेड मिळाली.

पहिल्या काही मुलांना रात्रीचा आसरा दिला, तर ती पांघरुणे घेऊन पसार झाली! तरीही मे १८४७ मध्ये पावसात भिजलेला एक पोरका मुलगा दारी आला, तेव्हा मायलेकांनी विटांवर फळ्या टाकून स्वयंपाकघरात त्याची झोपण्याची सोय केली. दार मात्र बाहेरून बंद केले. हा व्यवहारीपणा आम्हाला फार आवडतो.

नुसत्या आसऱ्याने मुले उभी राहत नाहीत, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून मालकांशी ते लेखी करार करीत: मुलाला त्याच्या धंद्याचेच काम द्यायचे, मारायचे नाही, सणाला सुट्टी द्यायची. १८५३ पासून चांभारकाम, शिवणकाम असे कारखाने त्यांनी घरातच काढले. १८५९ साली सालेशियन संघ स्थापन झाला. ३१ जानेवारी १८८८ रोजी त्यांचे निधन झाले आणि १९३४ साली त्यांना संतपद मिळाले. त्यांचे सालेशियन फादर १९२८ साली मुंबईत आले. माटुंग्याचे मंदिर आपल्याला परिचित आहेच.

मार्गारेटबाईंविषयी मात्र फार कमी बोलले जाते. साठीकडे झुकलेल्या वयात त्या गाव सोडून शहरात आल्या. मुलांच्या पोटासाठी त्यांनी लग्नातले दागिने विकले. पोरांनी भाजीचा वाफा तुडवला तेव्हा वैतागून घरी परत जाते म्हणाल्या. लेकाने काही न बोलता भिंतीवरच्या क्रुसाकडे बोट दाखवले. त्या राहिल्या, १८५६ साली मरेपर्यंत. २००६ साली ख्रिस्तसभेने त्यांना वंदनीय घोषित केले.