लोकमान्य टिळकांना मधुमेह होता. ते जी जर्मन शिकले, त्या भाषेत या आजाराला काय म्हणतात?

वेळणेश्वर (रत्नागिरी) : वेळणेश्वरच्या दक्षिणेला रत्नागिरी शहर. लोकमान्य टिळकांचा जन्म इथेच २३ जुलै १८५६ रोजी झाला. उत्तरेला दापोली तालुक्यात त्यांचं मूळ गाव चिखलगाव. टिळकांचं राजकारण सर्वांना माहीत आहे, पण त्यांना मधुमेह होता हे अनेकांना माहीत नसतं.

मंडालेत काय घडलं?
‘केसरी’तील लेखांवरून २२ जुलै १९०८ रोजी टिळकांना ६ वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना ब्रह्मदेशातील मंडालेच्या तुरुंगात पाठवलं गेलं. तिथे त्यांनी पेन्सिलीनं ‘गीतारहस्य’ लिहिलं आणि पुस्तकांच्या आधारे जर्मन, फ्रेंचही शिकले. सोबतीला मधुमेह होताच. तेव्हा त्यावर इन्सुलिन नव्हतं. खाण्यापिण्याचं पथ्य हाच मुख्य आधार होता. १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई गेल्या, तेव्हाही ते तुरुंगातच होते. जून १९१४ मध्ये त्यांची सुटका झाली.

जर्मन शब्द कसा बनला?
जर्मनमध्ये मधुमेहाला ‘त्सुकरक्रांकहाइट’ म्हणतात. ‘त्सुकर’ म्हणजे साखर, ‘क्रांकहाइट’ म्हणजे आजार. जुना शब्द आणखी नेमका आहे : ‘त्सुकरहार्नरूर’. ‘हार्न’ म्हणजे लघवी, ‘रूर’ म्हणजे वाहणं. आपल्या शब्दाचीही फोड तीच : मधु म्हणजे मध, आणि ‘मेह’ ज्या ‘मिह्’ धातूपासून आला त्याचा अर्थ लघवी करणं.

विशेष म्हणजे ‘त्सुकर’ मुळात आपल्याकडचाच. संस्कृत ‘शर्करा’ फारसी, अरबी आणि इटालियनमार्गे जर्मनीत पोहोचली. त्याच शर्करेची मराठीत ‘साखर’ झाली.

नाव होतं, औषध नव्हतं
ही सगळी नावं लक्षणावरून पडली, कारणावरून नाही. स्वादुपिंडाचा संबंध १८८९ मध्ये मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी स्ट्रासबर्गमध्ये दाखवला. इन्सुलिन १९२१ मध्ये टोरांटोत मिळालं आणि जानेवारी १९२२ मध्ये ते पहिल्यांदा रुग्णाला दिलं गेलं. टिळकांचं मुंबईतील सरदारगृहात निधन झालं ते १ ऑगस्ट १९२० रोजी.

आज लक्षात काय ठेवायचं?
रक्तातली साखर बरीच वाढल्यावरच ती सहसा लघवीत उतरते. म्हणजे आजाराला ज्यावरून नाव पडलं, ते लक्षण उशिरा दिसतं. त्याची वाट न पाहता रक्ततपासणी करून घ्या.