साकाइदा काकिएमोन

साकाइदा काकिएमोन (पहिले) (जन्म: इ.स. १५९६; मृत्यू: इ.स. १६६६) हे जपानमधील अरिता येथील कुंभकार होते. चिनी मातीच्या भांड्यांवर बहुरंगी चित्रे काढण्याची कला जपानमध्ये रुजवणाऱ्या आद्य कारागिरांत त्यांची गणना होते. त्यांचे मूळ नाव किझोएमोन असे होते.

जीवन

अरिता हे गाव क्यूशू बेटावरील तत्कालीन हिझेन प्रांतात होते. १७व्या शतकाच्या आरंभी तेथील इझुमियामा डोंगरात चिनी मातीच्या भांड्यांना योग्य असा दगड सापडला. या भांड्यांवर प्रारंभी प्रामुख्याने निळी नक्षी असे. कारण झिलईखालचा कोबाल्टचा निळा रंग भट्टीची प्रखर आच सहन करतो. तांबडा, हिरवा, पिवळा हे रंग मात्र भाजलेल्या भांड्यावर झिलईवरून देऊन पुन्हा मंद आचेवर पक्के करावे लागतात. ही रीत चिनी कारागिरांना अवगत होती.

साकाइदा घराण्यातील जुन्या टिपणानुसार, इमारी येथील एका व्यापाऱ्याने ती नागासाकीतील एका चिनी माणसाकडून मोल देऊन मिळवली आणि काकिएमोन यांच्याकडे सोपवली. पहिले प्रयत्न फसले. पुढे चिकाटीने यश आले. १६४७ मध्ये त्यांनी अशी भांडी नागासाकीत विकली.

पिकलेल्या काकी फळाचा तांबूस रंग साधण्याच्या ध्यासातून त्यांना हे नाव मिळाले, अशी आख्यायिका आहे. ती जपानी नाटकातून व शालेय पाठांतून घरोघरी पोहोचली. उत्खननांत मात्र अरितामधील अनेक भट्ट्यांवर रंगीत भांड्यांचे अवशेष मिळाल्याने, या शोधाचे श्रेय एकट्या काकिएमोन यांना देणे अभ्यासक टाळतात.

शैली

काकिएमोन नावाने ओळखली जाणारी परिपक्व शैली त्यांच्या निधनानंतर, १७व्या शतकाच्या अखेरीस बहरली. निगोशिदे नावाच्या दुधाळ शुभ्र पृष्ठभागाचा बराच भाग मोकळा ठेवून एका बाजूस नाजूक चित्र काढणे, हे तिचे वैशिष्ट्य. चित्रांतील रूपांना संकेतार्थ असतो. सदाहरित पाइन दीर्घायुष्याचे, वाकूनही न मोडणारा बांबू धैर्याचे, तर ऐन थंडीत फुलणारा प्लम चिवट आशेचे प्रतीक होय. हे तिघे हिवाळ्याचे मित्र मानले जातात. लावे पक्षी व राळ्याची कणसे शरद ऋतू सुचवतात.

प्रभाव व वारसा

१६४४ मध्ये चीनमधील मिंग राजवट कोसळल्यावर तेथील निर्यात विस्कळीत झाली. १६५९ पासून डच ईस्ट इंडिया कंपनीने अरिताकडे मोठ्या मागण्या नोंदवल्या. पुढे जर्मनीतील माइसन येथील कारखान्याने या शैलीच्या हुबेहूब प्रतिकृती केल्या.

१८व्या शतकात निगोशिदेची कृती लुप्त झाली. १२व्या व १३व्या काकिएमोन यांनी १९५३ मध्ये ती पुन्हा सिद्ध केली. घराण्याचा प्रमुख आजही हेच नाव धारण करतो. २०१४ मध्ये १५व्या पिढीने ते स्वीकारले.