हिटलरची वैमानिक, नेहरूंची ग्लायडरस्वारी: कोण होती हाना राइच?

पोफळीहून कुंभार्ली घाट चढताना पंख न हलवता दरीवर तरंगणारी घार अनेकांनी पाहिली असेल. समुद्राकडून आलेला वारा सह्याद्रीच्या भिंतीला अडतो आणि वर चढतो. घार त्या हवेवर नुसती तोलून राहते. बिनइंजिनाचं ग्लायडरही याच हिशेबावर चालतं. आजचं चांगलं ग्लायडर शांत हवेत एक किलोमीटर उंची गमावून सुमारे ४० किलोमीटर पुढे जातं. ते इतकं सावकाश खाली येतं, की हवा त्याहून थोडी जास्त वेगाने वर जात असली की उलट उंची मिळते.

ही विद्या हाना राइचइतकी फार थोड्यांना जमली. पण तिचं नाव आजही घेतलं जातं ते अडखळतच.

जन्म २९ मार्च १९१२, जर्मनीतल्या हिर्शबर्गचा (आता पोलंडमध्ये). आफ्रिकेत विमानाने फिरणारी डॉक्टर व्हायचं म्हणून तिने वैद्यकीय शिक्षण सुरू केलं, पण ग्लायडरपुढे ते मागे पडलं. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्साय तहाने जर्मनीच्या इंजिनाच्या विमानांवर बंधनं घातली होती, त्यामुळे तिथली हुशार पोरं ग्लायडरकडे वळली होती. हाना त्यांच्यातलीच. १९३७ मध्ये तिने ग्लायडरने आल्प्स ओलांडला. १९३८ मध्ये बर्लिनच्या बंदिस्त सभागृहात प्रेक्षकांसमोर हेलिकॉप्टर उडवलं.

पुढचा भाग गौरवाचा नाही. ती नाझी राजवटीची चाचणी वैमानिक झाली, हिटलरच्या हातून तिने आयर्न क्रॉस घेतला. १९४२ मध्ये रॉकेट विमानाच्या चाचणीत कवटीला तडे गेले, तरी ती पुन्हा उडू लागली. एप्रिल १९४५ मध्ये वेढलेल्या बर्लिनमध्ये विमान उतरवून ती हिटलरच्या बंकरपर्यंत पोहोचली. युद्ध संपताना तिच्या वडिलांनी कुटुंबाला मारून स्वतःचाही जीव घेतला. हाना सुमारे दीड वर्ष अमेरिकेच्या कैदेत होती.

मग नेहरू कुठून आले?

बंदी उठल्यावर ती ग्लायडरकडेच परतली. १९५२ मध्ये स्पेनमधल्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळालं. तेव्हा भारतातही ग्लायडिंग रुजत होतं. पुण्याजवळ हडपसरचं केंद्र सुरू झालं होतं. तिथे दोर गुंडाळणाऱ्या विंचने ग्लायडर वर खेचत, पतंगाचा दोर ओढून त्याला वर चढवावं तसं.

१९५९ मध्ये ती भारतात आली आणि सत्तरीला टेकलेल्या पंतप्रधान नेहरूंना दिल्लीवरून ग्लायडरमधून फिरवून आणलं. फॅसिझमचे कडवे विरोधक असलेले नेहरू तिच्यासोबत बसले, हे आजही अनेकांना खटकतं, आणि खटकण्याजोगं आहेच. नव्या देशाला तिचं कौशल्य हवं होतं, तिला पुन्हा प्रतिष्ठा हवी होती. पुढे १९६२ ते १९६६ घानात एनक्रुमा यांच्यासाठी तिने ग्लायडिंग शाळा चालवली. नाझी काळाबद्दलचा पश्चात्ताप मात्र तिच्याकडून कधी स्पष्टपणे आला नाही.

१९७९ मध्ये अमेरिकेतल्या अपलॅचियन डोंगररांगेच्या कडेने, घाटातल्या घारीच्याच तंत्राने, तिने ८०२ किलोमीटर जाऊन-येऊन महिलांचा जागतिक विक्रम केला. त्याच वर्षी २४ ऑगस्टला फ्रँकफर्टमध्ये तिचं निधन झालं.