डॉ. वू लिएन-ते आणि कापसाची मुखपट्टी

चीनच्या ईशान्येस मांचुरिया नावाचा विस्तीर्ण प्रदेश आहे. तेथील हिवाळा आपल्याकडील माणसाच्या कल्पनेत मावणार नाही. नद्या गोठून दगडासारख्या होतात, जमीन कुदळीला दाद देत नाही आणि उष्णतामान शून्याखाली २५-३० अंशांपर्यंत उतरते. या प्रदेशातील हार्बिन या शहरी २४ डिसेंबर १९१० रोजी एक तरुण डॉक्टर आगगाडीतून उतरला. त्याचे वय अवघे ३१ वर्षांचे होते. त्याच्याबरोबर वैद्यकीचा एक विद्यार्थी होता आणि सामानात एक सूक्ष्मदर्शक यंत्र होते.

हार्बिनला लागूनच फूजियादियान नावाची चिनी लोकांची वस्ती होती. दाटीवाटीच्या बसक्या घरांतून तेथे सुमारे २४,००० माणसे राहत. या वस्तीत मृत्यूने थैमान घातले होते. धडधाकट माणसाला एकाएकी ताप भरे, खोकला सुरू होई, थुंकीतून रक्त पडू लागे आणि दोन-तीन दिवसांत सारा खेळ आटोपे. आजारी पडलेला एकही माणूस बरा होत नव्हता. या आजाराचे मूळ शोधून काढावे आणि त्यास आळा घालावा, म्हणून चीनच्या बादशाही सरकारने या डॉक्टरास तातडीने पाठविले होते. त्याचे नाव वू लिएन-ते.

वू यांचा जन्म चीनमध्ये झालेला नव्हता. मलायाच्या किनाऱ्याजवळील पिनांग बेटावर १० मार्च १८७९ रोजी ते जन्मले. त्यांचे वडील दक्षिण चीनमधून येऊन तेथे स्थायिक झालेले सोनार होते. शाळेत असताना वू यांनी राणीच्या नावाने दिली जाणारी मानाची शिष्यवृत्ती मिळविली आणि १८९६ साली ते इंग्लंडला गेले. केंब्रिज विद्यापीठात वैद्यकीचा अभ्यास करणारे ते पहिले चिनी वंशाचे विद्यार्थी होत. पुढे लंडन, लिव्हरपूल, जर्मनीतील हाले आणि पॅरिस येथे त्यांनी जंतुशास्त्राचे शिक्षण घेतले. एवढी विद्या संपादन करून १९०३ साली ते मायदेशी परतले. परंतु इंग्रजी अंमलातील वैद्यकीय खात्यात वरच्या जागा गोऱ्या लोकांसाठी राखलेल्या असत. म्हणून त्यांनी पिनांगला आपला दवाखाना थाटला आणि अफूच्या व्यसनाविरुद्ध चळवळ सुरू केली. अफूवर गबर झालेल्या व्यापाऱ्यांना ती अर्थातच रुचली नाही. अशा वेळी चीनमधील तिएन्त्सिन येथील लष्करी वैद्यकीय विद्यालयातून त्यांना बोलावणे आले आणि १९०८ साली ते तेथे रुजू झाले. ज्या देशाचे ते सेवक झाले, त्या देशाची राजभाषा तेव्हा त्यांना धड बोलताही येत नव्हती.

हार्बिनला पोहोचल्यावर तिसऱ्याच दिवशी त्यांना हवी ती संधी मिळाली. एका खानावळवाल्याची जपानी पत्नी या आजाराने मरण पावली होती. प्रेताची चिरफाड करणे हे चिनी रूढीच्या अगदी विरुद्ध होते. तरीही वू यांनी एका साध्या घरात, फारसा गाजावाजा न करता, शवपरीक्षा केली. फुप्फुसे, हृदय आणि प्लीहा यांतील अंश त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. प्लेगचे जंतू तेथे अक्षरशः बुजबुजले होते.

आता प्लेग हा शब्द महाराष्ट्रातील माणसांना नवा नव्हता. १८९६ साली तो मुंबईत शिरला आणि दुसऱ्या वर्षी पुण्यात पसरला. घरात उंदीर पडला की गावकरी गाव सोडून रानात झोपड्या घालून राहत, हे तुमच्या पणजोबांच्या वेळचे अनेकांनी सांगितलेले आहे. हा प्लेग गाठींचा होता. काखेत वा जांघेत गाठ येई. १८९८ साली कराची येथे पॉल-लुई सिमों या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की उंदरांच्या अंगावरील पिसवा तो माणसांत आणतात. तेव्हापासून प्लेग म्हणजे उंदीर, असे समीकरण डॉक्टरांच्या मनात पक्के बसले होते.

परंतु फूजियादियानमध्ये वू यांना वेगळेच दिसले. रोग्यांच्या अंगावर गाठी नव्हत्या. रोगट उंदीर सापडत नव्हते. एवढ्या थंडीत पिसवांचा सुकाळ असणेही शक्य नव्हते. आजार मात्र एका घरातून दुसऱ्या घरात, एका माणसाकडून जवळच्या माणसाकडे सरळ चालत जात होता. टार्बागन नावाचा बिळात राहणारा, खारीच्या कुळातील एक प्राणी मांचुरियात व मंगोलियात आढळतो. त्याच्या कातड्यास त्या वेळी युरोपात फार भाव आला होता. त्याची शिकार करणाऱ्या लोकांना प्रथम या रोगाची लागण झाली असावी आणि नव्या आगगाडीबरोबर तो सर्वत्र पसरला असावा. वू यांनी निष्कर्ष काढला, की हा फुप्फुसाचा प्लेग आहे. रोगी खोकला म्हणजे थुंकीचे सूक्ष्म थेंब हवेत उडतात, आणि शेजारच्या माणसाच्या श्वासाबरोबर ते आत जातात. तेव्हा उंदरांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. माणसाचे नाक आणि तोंड झाकले पाहिजे.

पण कशाने झाकावे? शस्त्रक्रिया करताना तोंडावर जाळीदार कापड बांधण्याची चाल युरोपातील काही इस्पितळांत १८९७ च्या सुमारास सुरू झाली होती. या कापडास गॉज म्हणतात. जखमेवर बांधतात तेच हे विरळ विणीचे कापड. वू यांनी त्यात भर घातली ती साध्या कापसाची. नऊ इंच रुंदीचे गॉज घ्यावयाचे आणि त्याचा तीन फूट लांबीचा तुकडा कापावयाचा. तो लांबीत दुमडून त्याच्या मधोमध सहा इंच लांब व चार इंच रुंद अशी कापसाची चपटी लादी ठेवावयाची. मग दोन्ही टोकांना कात्रीने दोन-दोन चिरा पाडून तीन-तीन शेपट्या करावयाच्या. वरची शेपटी कानांवरून, खालची मानेवरून आणि मधली डोक्यावरून बांधली, की पट्टी नाकातोंडावर घट्ट बसे. एका पट्टीस खर्च येई अडीच सेंट. कोणतीही बाई, कोणताही शिपाई ती घरी बसून करू शके, आणि वापरलेली पट्टी टाकून देताना कोणाचा हात आखडण्याचे कारण नसे.

या पट्टीत खरे काम करी तो कापूस. विणलेल्या कापडात उभे-आडवे धागे नेमाने एकमेकांस छेदतात आणि त्यांच्यामध्ये सरळ भोके राहतात. त्या भोकांतून सूक्ष्म थेंब सहज पार जातो. पिंजलेल्या कापसात असा काही नेम नसतो. त्याचे हजारो तंतू वाटेल त्या दिशेने पसरून एकमेकांत गुंतलेले असतात. हवेला त्यातून वळणे घेत जावे लागते. ती जाते, पण तिच्यातील थेंब कोठे ना कोठे एखाद्या तंतूवर आदळून तेथेच अडकतो. सूत काढणे आणि विणणे या कलांचा माणसाला केवढा अभिमान! येथे मात्र ज्या कापसाचे सूतही काढले नव्हते, तोच अधिक उपयोगी पडला.

एवढी साधी गोष्ट, पण ती सर्वांस पटली नाही. हार्बिनमध्ये रशियन, जपानी व फ्रेंच डॉक्टर होते. प्लेग हवेतून येतो, हे मत एका तरुण चिनी डॉक्टराने मांडावे, हे त्यांतील अनेकांना चमत्कारिक वाटले. जानेवारीच्या आरंभी मेनी नावाचे फ्रेंच प्राध्यापक तेथे आले. ते वूंपेक्षा वयाने व अधिकाराने मोठे होते आणि प्लेगची साथ त्यांनी पूर्वी हाताळलेली होती. या कामाचे नेतृत्व आपल्याकडे यावे अशी त्यांची अपेक्षा होती. वूंनी आपले म्हणणे त्यांच्यापुढे शांतपणे ठेवले. त्यावर मेनी संतापले. वूंनी सरकारला तार करून राजीनामा देऊ केला, परंतु सरकारने त्यांनाच कामावर कायम ठेवले. मेनी रशियनांच्या प्लेग इस्पितळात गेले. अंगात पांढरा झगा होता, हातांत रबरी मोजे होते. तोंडावर मुखपट्टी नव्हती. त्यांनी रोग्यांस जवळून तपासले. थोड्याच दिवसांत त्यांना ताप भरला आणि ११ जानेवारी १९११ रोजी ते प्लेगने मरण पावले.

मेनी हे काही मूर्ख किंवा भित्रे गृहस्थ नव्हते. रोग्यांच्या मदतीसाठीच ते एवढ्या दूर आले होते. त्यांच्या मृत्यूने हार्बिन हादरले. कालपर्यंत जे मुखपट्टीस हसत होते, ते आज ती मागू लागले. डॉक्टर, परिचारक, शिपाई, प्रेते वाहणारे मजूर आणि रस्त्याने जाणारे नागरिक या सर्वांच्या तोंडावर गॉज आणि कापूस दिसू लागला.

केवळ मुखपट्टीने साथ हटणार नव्हती, हे वू जाणून होते. त्यांनी वस्तीचे चार भाग पाडले, घरोघर तपासणी सुरू केली आणि एका भागातून दुसऱ्या भागात जाण्यास बंदी घातली. बंदोबस्तासाठी सैनिक आणविले. रोग्यांच्या सहवासात आलेल्या माणसांना निराळे ठेवण्यास घरे अपुरी पडली, तेव्हा आगगाडीचे मालडबे मागून घेऊन त्यांत त्यांची सोय केली.

सर्वांत कठीण प्रश्न प्रेतांचा होता. जमीन गोठल्यामुळे खड्डे खणता येत नव्हते, आणि दोन हजारांहून अधिक प्रेते वस्तीबाहेर उघड्यावर पडून होती. ती जाळावी, असे वूंनी ठरविले. आपल्याकडे दहन ही नित्याची गोष्ट आहे. परंतु पूर्वजांच्या देहाची विटंबना हे चिनी माणसाच्या दृष्टीने घोर पाप होते. वूंनी बादशहाकडे परवानगी मागितली आणि ती येईपर्यंत ते थांबले. चिनी नववर्षाच्या सुमारास, ३१ जानेवारी १९११ रोजी, रॉकेल ओतून चिता पेटविण्यात आल्या. त्यानंतर मृत्यूंची संख्या उतरू लागली आणि १ मार्च रोजी हार्बिनमध्ये शेवटच्या रोग्याची नोंद झाली. तोवर फूजियादियानची सुमारे चतुर्थांश वस्ती नाहीशी झाली होती. साऱ्या मांचुरियात मिळून सुमारे ६०,००० माणसे दगावली.

पुढच्याच महिन्यात मुकदेन येथे ११ राष्ट्रांतील शास्त्रज्ञांची परिषद भरली. तिचे अध्यक्ष होते वू लिएन-ते. १८९४ साली हाँगकाँग येथे ज्यांनी प्लेगच्या जंतूचा शोध लावला, त्यांपैकी एक असलेले जपानचे कितासातो हेही त्या परिषदेत सदस्य म्हणून समोर बसले होते.

त्यानंतर मुखपट्टी जगभर गेली. १९१८ साली इन्फ्लुएंझाची साथ आली तेव्हा अनेक देशांतील लोकांनी गॉजच्या पट्ट्या बांधल्या. १९५० नंतरच्या काळात कापसाची जागा हळूहळू कारखान्यात केलेल्या, न विणलेल्या कापडाने घेतली. पॉलिप्रॉपिलीन नावाचे प्लॅस्टिक वितळवून अतिशय बारीक छिद्रांतून दाबाने बाहेर काढतात. त्याच वेळी त्यावर गरम हवेचा वेगवान झोत सोडतात. त्यामुळे माणसाच्या केसाच्या दहाव्या भागाहूनही बारीक असे तंतू निघतात आणि सरकत्या पट्ट्यावर पडता पडता एकमेकांत गुंततात. झाले कापड! मागाची गरज नाही आणि धोट्याचीही नाही. ही रीत प्रथम अमेरिकेच्या नौदलाच्या प्रयोगशाळेत १९५० च्या सुमारास शोधण्यात आली, तीही हवेतील सूक्ष्म किरणोत्सारी कण पकडण्यासाठी. इस्पितळातील मुखपट्टी, टोपी, झगा ही एकदा वापरून टाकण्याची वस्त्रे आता अशाच कापडांची होतात. कोरोनाच्या साथीत, २०२० साली, तुम्हीही ती पाहिली असतील. त्या पट्टीची शिवण उसवून पाहिली तर तीन थर दिसतात. बाहेरचे दोन आधार देणारे आणि मधला अतिसूक्ष्म तंतूंच्या गुंत्याचा. वूंच्या पट्टीतही बाहेर गॉज आणि मध्ये कापूसच होता. एक फरक मात्र खटकतो. वूंची पट्टी जाळली की चिमूटभर राख उरे. नवी पट्टी मातीत टाकली तर वर्षानुवर्षे कुजत नाही. तिची विल्हेवाट कशी लावावी, हा प्रश्न अजून सुटावयाचा आहे.

वू पुढे पंचवीसहून अधिक वर्षे चीनमध्ये राहिले. मांचुरियात त्यांनी प्लेगप्रतिबंधक खाते उभारले. १९२० साली फुप्फुसाचा प्लेग पुन्हा आला तेव्हा हे खाते सज्ज होते, आणि या वेळी मृतांचा आकडा दहा हजारांच्या आत राहिला. त्यांनी प्लेगवर मोठा ग्रंथ लिहिला. १९३५ साली त्यांचे नाव नोबेल पारितोषिकासाठी सुचविण्यात आले, परंतु ते त्यांना लाभले नाही. १९३७ साली जपानने चीनवर आक्रमण केले, तेव्हा ते मलायास परत आले आणि इपोह या गावी त्यांनी साधा दवाखाना घातला. ज्यांच्या अध्यक्षतेखाली ११ राष्ट्रांचे शास्त्रज्ञ बसले होते, ते डॉक्टर उतारवयात तेथे गावकऱ्यांचे खोकले-पडसे तपासू लागले. १९५९ साली त्यांनी आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्यानंतर लवकरच, २१ जानेवारी १९६० रोजी, जन्मगावी पिनांग येथे त्यांचे निधन झाले.