ज्योतिर्गणिती व्यंकटेश बापूजी केतकर

थोर ज्योतिर्गणिती व्यंकटेश बापूजी केतकर यांचा जन्म १८५४ साली नरगुंद येथे झाला. घरची भाषा मराठी, पण सारी हयात कानडी मुलुखात गेली. पेशा शिक्षकाचा, बागलकोटच्या इंग्रजी शाळेचे ते मुख्याध्यापक होते.

त्या काळी आपल्याकडील अनेक पंचांगे १५२० च्या ‘ग्रहलाघवा’वरून तयार होत. ग्रंथ मोठा गुणी. परंतु शतकांच्या ओघात बारीक फरक साठत गेले. तिथीतील चूक कोणाच्या नजरेस येत नाही, पण ग्रहणाची वेळ चुकली की ती साऱ्या गावाला दिसते. केतकरांनी आधुनिक वेधांच्या आधारे नवी कोष्टके संस्कृतात रचली. ‘ज्योतिर्गणित’ व ‘केतकी’ हे त्यांचे प्रसिद्ध ग्रंथ होत. १९३० साली ते निवर्तले.

अचूक वेळेचे मोल आज आणखी वाढले आहे. चंद्रावर उल्काखंड आदळला की क्षणभर ठिणगी चमकते. पौर्णिमेच्या उजेडात ती दिसत नाही. खग्रास ग्रहणात चंद्र काळवंडला म्हणजे दिसू शकते. २१ जानेवारी २०१९ च्या ग्रहणात खग्रास स्थिती लागताच स्पेनमधील दुर्बिणींनी अशी ठिणगी टिपली. ती जेमतेम पाव सेकंद टिकली. वेळेचे गणित मिनिटभर चुकते, तर ती हुकली असती!

आपल्या गणेशगुडीच्या विद्यार्थ्यांनी पुढच्या ग्रहणात घड्याळ लावून पंचांगातील वेळ जरूर पडताळावी. केतकरांना तेच खरे वंदन ठरेल.